आप्पांचा शोकप्रस्ताव

माणूस गेल्यावर घरच्यांना भेटायला जातात, तसे आम्ही आप्पांच्या घरी गेलो, तेव्हा आप्पा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

माझ्या अंगावर पांढरी साडी होती. यांच्या हातात शेवंतीचा हार होता, आप्पांच्या फोटोला घालायचा. लाल दिव्याची गाडी खाली वडाशी लावलेली. कार्यकर्त्यांना यांनी तालुक्यालाच थांबवलं होतं, ‘घरचं माणूस गेलंय, तिथं गर्दी नको’ म्हणून. म्हणजे अंगणात आम्ही दोघंच उभे होतो, आणि समोर आप्पा.

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

“मुकुंदा का रं? लई दिसांनी वाट चुकलास. शालन, ये गं पोरी. आन् पांढरं कशापायी नेसलीस? कोण गेलं?”

मी यांच्याकडे पाहिलं. हे राज्याचे अर्थमंत्री. विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं तरी आवाज न चढवता उत्तर देणारे. यांनी हातातला हार पाठीमागं लपवला.

तेवढ्यात आतून आप्पांची थोरली बहीण बायजाक्का पदराला हात पुसत बाहेर आली. “कोण गेलं म्हंजी? तूच गेलायस की! सोमवारपास्नं मेलाय ह्यो,” ती मला म्हणाली, “शाळंच्या मास्तरानं पेपर वाचून दावला. आन् बसलाय बघ, शेंगा खात.”

आप्पा पुढचे दात पडलेल्या तोंडानं हसले. मी मात्र ओट्याच्या पायरीवरच बसले.

रावजीआप्पा घोलप हे आडखिंडीचे. डोंगरातलं हे गाव, पण आप्पा तीन वेळा आमदार झाले. यांना कॉलेजातून उचलून त्यांनी आपली पिशवी धरायला लावलं आणि पिशवी धरता धरता अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं वाचायला शिकवलं. ‘भाषणं सगळेच करत्यात, आकडं कोण वाचतो?’ असं म्हणायचे. यांना जिल्हा परिषदेत आप्पांनी निवडून आणलं. माझं स्थळही आप्पांनीच आणलेलं. माझे वडील नको म्हणत होते, तर आप्पा दारात बसून राहिले, होकार घेऊनच उठले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकी पहिल्याच बाळंतपणात अडल्या आणि बैलगाडीतून घाट उतरताना बाळासकट गेल्या. त्यानंतर आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. आमदार झाल्यावर पंधरा वर्षं ते सभागृहात एकच मागणं मागत राहिले, आडखिंडीला कुटीर रुग्णालय. आणि पंधरा वर्षं त्यांना एकच उत्तर मिळालं, ‘बाब विचाराधीन आहे.’

मग पक्षात उलथापालथ झाली. वरच्यांनी आप्पांचं तिकीट कापलं आणि ते यांना देऊ केलं. यांनी घेतलं. तेव्हा हे आप्पांना विचारायलाही गेले नाहीत. निवडून आल्यावर पाया पडायला गेले नाहीत. आमदार झाले, राज्यमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. नऊ वर्षांत आप्पांचं नाव आमच्या घरात निघालं नाही. मी काढायची, तर हे उठून जायचे.

आणि त्या सोमवारी, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, गेलेल्या माजी सदस्यांचे शोकप्रस्ताव आले. त्यात आप्पांचं नाव होतं. हे असे बोलले, की गॅलरीत बसून मी रडले. सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं.

“हार कुणासाठी आणलास?” आप्पांनी विचारलं.

यांनी हार पाठीमागून पुढं घेतला.

“आणलायस तर घाल की. फुकट कशाला घालवतोस?” असं म्हणून आप्पांनी मान पुढं केली.

मला वाटलं, हे हार बाजूला ठेवतील. पण यांनी वाकून तो खरंच आप्पांच्या गळ्यात घातला. घालताना चार फुलं गळून शेंगांच्या टरफलांत पडली. बायजाक्का ‘अगं बया’ म्हणून आत निघून गेली.

“आप्पा, चूक झाली,” हे म्हणाले. “पलीकडच्या तालुक्यात दुसरे एक रावजी घोलप होते, जिल्हा परिषदेत होते मागं. ते गेले असणार. जिल्ह्यावरून निरोप आला, त्यात घोटाळा झाला. उद्याच सभागृहात निवेदन करतो. कार्यवृत्तात दुरुस्ती करून घेतो.”

“त्ये ऱ्हाऊ दे. मास्तरानं वाचून दावलं, तू दवाखान्याचं बोललास म्हणून. खरं हाय?”

“खरं आहे.”

“काय बोललास? शब्द सांग.”

यांनी खाली मान घालून सांगितलं, “आडखिंडीला रावजीआप्पांच्या नावानं कुटीर रुग्णालय उभं करू, हीच त्यांना खरी श्रद्धांजली ठरेल.”

“आन् मुख्यमंत्री?”

“तिथंच उठून मान्य म्हणाले.”

आप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी पूर्वी विचारायचे तसं, गुरुजींनी पोराला विचारावं तसं, विचारलं, “मुकुंदा, तू दुरुस्ती केलीस तर दवाखाना ऱ्हातो का जातो?”

हे खोटं बोलू शकले असते. पण आकड्यांच्या बाबतीत हा माणूस आप्पांसमोर कधी खोटं बोलला नव्हता.

“जातो, आप्पा. लोकसंख्येच्या निकषात आडखिंड बसत नाही. माझ्या खात्याचाच शेरा आहे तसा. मेलेल्या माणसाचा मान म्हणून सगळे गप्प बसलेत.”

“मग मेल्याला मेलेलंच ऱ्हाऊ दे.”

मला राहवलं नाही. “आप्पा, काहीतरीच काय! जिवंत माणसाला मेलेलं ठरवायचं? अशी खोटी बातमी उठली तर आयुष्य वाढतं म्हणतात, तेवढं धरा आणि सोडून द्या. दवाखान्याचं हे बघतील दुसऱ्या वाटेनं.”

“पोरी,” आप्पा म्हणाले, “जित्तेपणी पंधरा वरसं मागितलं. एकदा मेलो आन् मिळालं. आता उठून बसू व्हय?”



आप्पांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. गावाला त्यांनी सांगितलं होतं. कुणी साहेब आला तर आप्पांना गणपतराव म्हणायचं, बायजाक्काच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं. शेडगे गणपतराव. गावाला पटायला वेळ लागला नाही, कारण त्या घाटात कुणाची बायको, कुणाची लेक, कुणाचा बाप असा वाटेतच गेलेला होता. मास्तर तेवढे कुरकुरले म्हणे.

“आन् तुझं बी झाकून ऱ्हाईल की,” आप्पा यांना म्हणाले. “जित्त्या माणसाचा शोकप्रस्ताव! विरोधकांनी वरातच काढली असती तुझी.”

यांना सुटल्यासारखं वाटलं का, ते मी चेहऱ्यावर शोधत होते. वाटलं असावं, आणि त्याचीच लाज वाटत असावी.

बायजाक्कानं चहा आणला नाही. आम्ही उठलो. सवयीनं माझ्या तोंडात ‘येते हं आप्पा’ आलं, तोच आप्पांनी हात वर केला.

“न बोलता जा. सुतकाच्या घरनं सांगून निघत न्हाईत.”

ते गमतीनं म्हणाले, डोळे मिचकावून. पण तो घाट उतरेपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नाही.

गाडीत मी यांना विचारलं, “आडखिंडीच्या पोस्टात फोन आहे ना? एक ट्रंककॉल लावला असता तर?” हे काचेतून बाहेर बघत राहिले.

अर्थसंकल्पाच्या आदल्या संध्याकाळी आप्पा एसटीनं मुंबईला आले. हातात शेंगांची पुरचुंडी, डोक्याला मुंडासं. आमच्या सरकारी बंगल्याच्या फाटकावर पोलिसाला त्यांनी नाव सांगितलं, गणपत शेडगे. मी धावत बाहेर गेले.

“ऐकायचंय मला,” ते म्हणाले. “पास काढून दे.”

देवस्थळी नावाचे आमचे स्वीय सहायक होते. त्यांनी मुकाट्यानं त्या नावाचा पास काढला. त्यांना सगळं माहीत होतं, पण हा माणूस स्वतःच्या बायकोलाही बंगल्यातलं सांगायचा नाही.

जेवताना हे दोघं समोरासमोर बसले. इतक्या वर्षांनी एका पंगतीला. मी भाकरी वाढत होते आणि कुणीतरी बोला रे, असं मनात म्हणत होते. शेवटी यांनी घसा खाकरला.

“आप्पा, उद्याच्या भाषणात बाब सोळावी—”

“सांगू नगंस!” आप्पा एकदम म्हणाले. “सभागृहाच्या आधी कुणाला सांगायचं नसतं. बायकोला बी न्हाई. ह्ये मी तुला शिकवलं न्हाई व्हय?”

“शिकवलंत.”

“मग जेव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही प्रेक्षकांच्या गॅलरीत शेजारी बसलो. माजी सदस्यांची बसायची जागा वेगळी असते. आप्पा सारखे तिकडे बघत होते. त्यांच्या बरोबरीचे एक-दोन म्हातारे तिथं बसले होते. त्यातल्या एकानं आमच्या दिशेनं नजर फिरवली, तेव्हा आप्पांनी मुंडासं कपाळावर ओढून घेतलं. ज्या सभागृहात पंधरा वर्षं घसा फोडला, तिथं हा माणूस चोरासारखा बसला होता. मला भयंकर वाईट वाटलं, आणि त्यांना मात्र हुरूप आला होता. खालच्या एका बाकाकडे बोट करून कुजबुजले, “माझी जागा. तिथनं पंखा लागायचा न्हाई.”

हे बोलायला उभे राहिले. यांचं वाचन चांगलं होतं, स्पष्ट, संथ. शेती झाली, रस्ते झाले, वीज झाली. विरोधक मधूनमधून ओरडत होते, हे थांबून पुन्हा सुरू करत होते. मग आरोग्य आलं.

“अध्यक्ष महोदय, मौजे आडखिंड येथे कैलासवासी रावजीआप्पा घोलप स्मृती कुटीर रुग्णालय—”

इथं यांनी मान वर केली. सरळ गॅलरीत, आमच्याकडे. आणि हे थांबले. समोरचा पेला उचलला, पाणी प्यायले, पेला ठेवला, तरी वाचेनात. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ‘वाचा, वाचा’ म्हणालं. माझ्या मनात आलं, आता हे सांगून टाकतील. ‘ते बघा, आप्पा तिथं बसलेत’ म्हणतील. माझी तशी इच्छा होती का? होती. सगळं गेलं तरी चालेल, पण हा माणूस जिवंत आहे असं एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, असं मला वाटत होतं.

आप्पांनी शेजारून नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी.

“—स्थापन करण्याचे मी प्रस्तावित करतो,” हे म्हणाले.

दोन्हीकडच्या सदस्यांनी बाकं वाजवली. विरोधकांनीसुद्धा. आप्पा उठून उभे राहिले. हात जोडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गॅलरीतला शिपाई वाकून त्यांच्याजवळ आला.

“आजोबा, बसून घ्या. इथं उभं राहता येत नाही.”

आप्पा बसले.

संध्याकाळी बंगल्यावर हार-तुरे घेऊन माणसं आली आणि गेली. आप्पा मागच्या खोलीत होते. परतीच्या एसटीची वेळ झाली तेव्हा हे आत आले आणि आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. उठेचनात. आप्पांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि खाटेवर शेजारी बसवलं.

“आता एक विचारतो. निरोप कुठनं आला, कुणी धाडला, त्ये न्हाई विचारत. ह्योच का त्यो घोलप, असं तुला कुणी विचारलं व्हतं का?”

मी दारातच डबा घेऊन उभी राहिले.

“विधिमंडळाच्या कचेरीतून विचारलं होतं,” हे म्हणाले. “तुमच्या जिल्ह्यातले आहेत, खात्री करून सांगा म्हणाले. पोस्टाचा नंबर मला पाठ आहे, आप्पा. अजून पाठ आहे.”

“मग?”

“मी हो म्हणालो. तेच ते, असं म्हणालो.”

“का रं?”

“फोन केला असता आणि तुम्हीच आला असता फोनवर, तर मी काय बोलणार होतो?” यांचा आवाज मला ओळखू येईना. “तुमच्याबद्दल जे बोलायचं होतं ते सगळं माझ्याजवळ होतं. नऊ वर्षं होतं. तुमच्यासमोर ते बोलता येत नव्हतं. तुम्ही गेलात असं ऐकलं आणि मला... मला मोकळं वाटलं, आप्पा. म्हटलं, आता बोलता येईल. ते खोटं निघायला नको होतं मला.”

वीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केला होता. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. आणि तितकीच कीवही आली, हेही सांगते.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“ब्येस बोललास,” ते म्हणाले. “जित्त्या माणसाला कुणी इतकं चांगलं बोलत न्हाई. माझं झालं, मुकुंदा. दवाखाना मिळाला. तुझं काय व्हनार?”

मग माझ्या हातातून डबा घेतला, मुंडासं बांधलं आणि निघाले. ‘येतो’ म्हणाले नाहीत.

दवाखाना झाला. उद्घाटनाला व्हरांड्यात आप्पांचा मोठा फोटो लावला होता. यांनी त्याला हार घातला आणि आप्पा गर्दीत मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या निवडणुकीत मतदारयादीतून त्यांचं नाव गेलेलं होतं. तीन वेळा आमदार झालेला माणूस केंद्राबाहेर पारावर बसून लोकांना रांगेत लावत होता, असं बायजाक्कानं मला सांगितलं. आमच्या घरी म्हणाल, तर हे बदलले. कुणी गेल्याचा निरोप आला की यांना धीर धरवायचा नाही. स्वतः फोन लावायचे, दोन-दोनदा विचारायचे, कधी गाडी काढून स्वतः बघून यायचे. लोक म्हणायचे, साहेब किती मायाळू. आडखिंडीला हे वरचेवर जायचे. आप्पांसमोर बसायचे आणि दोघं शेंगा फोडायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. निघताना हे ‘येतो’ म्हणायचे, तर आप्पा दर वेळी हात वर करायचे.

आप्पा गेले ते त्याच दवाखान्यात. त्यांच्याच नावाच्या पाटीखालून त्यांना आत नेलं आणि आत नाव लिहिलं, गणपत शेडगे. त्या रात्री त्या दवाखान्यात दोन बाळंतिणी सुखरूप सुटल्या होत्या, हे आप्पांना शेवटी शेवटी मी सांगितलं. त्यांनी ऐकलं असं मी धरून चालते.

तेव्हा सरकार गेलं होतं. हे साधे सदस्य होते, विरोधी बाकावर. अधिवेशनाच्या आधी हे अध्यक्षांना जाऊन भेटले. अध्यक्ष जुने, भले गृहस्थ. त्यांनी यांना चहा पाजला आणि म्हणाले, “मुकुंदराव, घोलपांचा प्रस्ताव तर कधीच झालाय की. तुम्हीच बोलला होतात. काय सुंदर बोलला होतात! माझ्या अजून लक्षात आहे.”

खरं काय ते हे तेव्हा सांगू शकले असते. दवाखाना उभा होता, तो कुणी पाडणार नव्हतं. पण यांच्याने सांगवलं नाही. चहा पिऊन परत आले.

पहिल्या दिवशी मी गॅलरीत जाऊन बसले. शोकप्रस्ताव झाले, तीन नावं वाचली. सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मग सगळे बसले, खुर्च्यांचा आवाज झाला, कागद हलले. हे उभेच राहिले. मान खाली, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. त्यांच्याभोवती माणसं बसली, शेजारच्यानं कोटाची बाही ओढली, तरी हे उभे. पुढचं कामकाज पुकारलं गेलं, तरी उभे.

“सन्माननीय सदस्यांनी स्थानापन्न व्हावं,” अध्यक्ष म्हणाले. पुन्हा म्हणाले, “मुकुंदराव, खाली बसा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही उठून उभी आहे. शिपाई वाकून माझ्याजवळ आला.

“बाई, बसून घ्या,” तो म्हणाला. “इथं उभं राहता येत नाही.”